‘व्हय’ म्हणजे ‘हो’ नव्हे

नागपूरहून साताऱ्याला जाणाऱ्या माणसाने सोबत काय न्यावं? संत्र्याची बर्फी न्यावी, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी नेली नीतीची पेटी.

पेटी म्हणजे पुठ्ठ्याचा खोका, आणि खोक्यात कार्डं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. संगणकाला माणसांची माहिती खायला घालून शहाणं करण्याचा उद्योग हल्ली गल्लोगल्ली सुरू आहे. कुणी पिकांचे फोटो घालतं, कुणी रुग्णांचे रिपोर्ट, कुणी लोकांचे आवाज. हे करताना कुणाचं नुकसान होऊ नये, कुणाकडून काही फसवून घेतलं जाऊ नये, म्हणून संशोधकाने स्वतःला काही प्रश्न विचारायचे असतात. ते प्रश्न आम्ही कार्डांवर छापले आणि खोक्यावर ‘नैतिकता साधनसंच’ असं नाव घातलं. नाव वाचून आमचे हे म्हणाले, “यात पाना-पक्कड पण देऊन राहिले काय?”

मूळ प्रश्न इंग्रजीत होते. मराठी आम्ही समिती बसवून केलं, आणि समितीने केलेल्या मराठीचं जे होतं तेच झालं. ‘प्रस्तुत प्रणालीच्या संभाव्य अनभिप्रेत परिणामांचा हितसंबंधी घटकनिहाय विचार झाला आहे काय?’ हे त्यातलं सोपं कार्ड.

माझ्याकडे कामं दोन होती. साताऱ्यात प्राध्यापकांना ही पेटी वापरायला शिकवायची, आणि मग सांगली जिल्ह्यात जाऊन एका तरुण प्राध्यापिकेचं संशोधन पेटीतल्या प्रश्नांवर तपासायचं. तिच्या कामाला पुढचं अनुदान द्यायचं की नाही, हे ठरवणारी समिती त्याच आठवड्याच्या शेवटी साताऱ्यात बसणार होती आणि माझं मत त्यांना हवं होतं. मला वाटलं होतं, दुसरं काम सोपं जाईल.

सातारा

स्टँडवर मला घ्यायला निकम सर आले होते. फौजेतून निवृत्त होऊन ते आता कॉलेजच्या संशोधन विभागाचा कारभार बघतात. माझ्या हातातली बॅग त्यांनी माझ्या परवानगीशिवाय घेतली, पेटी घेतली, आणि खोली दाखवून म्हणाले, “मॅडम, टास्क सांगा, टाइम सांगा. बाकी आमच्यावर सोडा.”

टास्क असा होता की प्राध्यापकांचे गट करायचे आणि प्रत्येक गटाला एक काल्पनिक प्रकल्प द्यायचा: विद्यार्थ्यांचे चेहरे ओळखून हजेरी लावणारं यंत्र. मग एकेक कार्ड काढून त्यावर भांडायचं. भांडावं म्हणूनच कार्डं आहेत. नागपूरला एका कार्डावर आमच्या दोन मॅडमांनी एकमेकींशी महिनाभर बोलणं टाकलं होतं.

इथे चहा यायच्या आत सगळे गट मोकळे झाले. मी कागद पाहिले. प्रत्येक कार्डापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘चर्चा झाली. आढळले नाही.’

“काय आढळलं नाही?” मी विचारलं.

“नैतिक अडचण,” निकम सर म्हणाले. “फौजेत कसं असतं मॅडम, किट इन्स्पेक्शन. बूट आहेत? आहेत. मग्गा आहे? आहे. ओके रिपोर्ट.”

“आणि बूट फाटके असले तर?”

“त्याला कॉलम नसतो.”

मी हसले. एका तरुण सरांनी मात्र विचारलं की वर्गात झोपलेल्या पोराचा चेहरा यंत्र हजर धरणार की गैरहजर. त्यावर जो गदारोळ झाला तीच त्या दिवसातली खरी चर्चा. पण ती कुणी लिहून घेतली नाही, कारण तोवर कंदी पेढे आले. मी एकच हवा म्हटलं. ताटलीत चार आले.

इस्लामपूर, जेवणापुरतं

सांगलीकडे जाताना गाडी इस्लामपुरात थांबली. इथला अख्खा मसूर खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका, अशी निकम सरांची ऑर्डर होती. दोन्ही बाजूंनी ऊस, उसातून ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर गाणी, आणि गाण्यांच्या वर ओरडणारे ड्रायव्हर, असं बघत आलेले असल्यामुळे कान किटले होते आणि भूक लागली होती.

मसूर आला. लालभडक तर्री, वर तुपाचा डोळा. सगळं छान होतं, पण कोथिंबीर नव्हती. मी मालकाला म्हटलं, “दादा, यावर थोडा सांबार टाका ना.”

त्यांनी माझ्याकडे, मग मसुराकडे, मग परत माझ्याकडे पाहिलं. “सांबार? मसुरावर?”

“हो ना. ताजा, हिरवा.”

“हिरवा सांबार,” ते आत वळून ओरडले, “आरं, हितं ताईस्नी हिरवा सांबार पायजेल! इडलीवाल्याकडं बगून ये रं!”

आमच्या नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे समजावून सांगेपर्यंत गाडीने दोनदा हॉर्न दिला. एक शब्द आठशे किलोमीटरवर नेला की त्याचं काय होतं, याचा धडा मला इथेच मिळाला होता. मी तो मसुराबरोबर गिळून टाकला.

तासगाव

ज्या प्राध्यापिकेचं काम तपासायचं होतं ती वैशाली. माहेर कवठे महांकाळच्या बाजूच्या एका गावातलं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरातलं. ती तासगावात मावशीकडे राहते आणि कॉलेजात संगणक शिकवते. बारीक, सावळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी मुलगी. मला पाहताच आवडली, आणि तपासायला आलेल्या माणसाला हे परवडत नाही.

तिचं काम असं की मेंढरू आजारी पडलं तर माणसाने फोन करून सल्ला विचारावा, आणि पलीकडे यंत्र असलं तरी त्याला इथली बोली कळावी. सध्याच्या यंत्रांना पुण्यामुंबईचं मराठी कळतं. ‘मेंढरू कालधरनं चरंना’ म्हटलं की ती म्हणतात, ‘कृपया पुन्हा सांगा.’ तिसऱ्यांदा सांगेपर्यंत मेंढरू सांगण्यापलीकडे जातं. म्हणून वैशालीने गावोगाव फिरून लोकांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं, यंत्राला शिकवण्यासाठी. या आवाजांत एक रत्न होतं, तिच्या नात्यातले बिरू आप्पा. आप्पा रेकॉर्डिंगमध्ये गोष्टी सांगत, शिव्या देत, आणि मध्येच मेंढरांना हाक घालत. ती हाक समितीने मागच्या बैठकीत ऐकली होती आणि सगळे खुर्चीत सरसावून बसले होते.

“मॅडम, मागचं अनुदान सगळं त्या हाकेवर मिळालं,” वैशाली म्हणाली. “अध्यक्ष म्हणाले, पुढच्या वेळी सुरुवातच याने करा.”

लिहिता न येणाऱ्यांची संमती तिने तोंडी घेतली होती, तीही रेकॉर्ड करून. मावशींच्या बेदाण्याच्या शेडमध्ये बसून मी ती ऐकली. शेडमध्ये एकावर एक जाळ्या, जाळ्यांवर सुकणारी द्राक्षं, आणि वास असा की नुसत्या श्वासाने वजन वाढावं. वैशालीचा आवाज विचारायचा, “तुमचा आवाज आमी संगणकाला शिकवायला वापरू का?” आणि एकेक माणूस म्हणायचा, “व्हय.” बायका, म्हातारे, सगळे, “व्हय.” माझ्या कार्डावर प्रश्न होता: माहितीपूर्ण संमती घेतली आहे काय? हो किंवा नाही. मी ‘हो’वर खूण केली आणि मनात ‘उत्तम’ असा शेराही लिहून टाकला.

मग आम्ही जेवायला बसलो, आणि माझ्या स्वतःच्या संमतीचे धिंडवडे निघाले. भाकरी, खर्डा, वांग्याचं कालवण. सावजी मटणावर वाढलेली मी खर्ड्याला काय भिणार, असं म्हणत पहिला घास घेतला आणि दुसऱ्या घासाआधी तांब्या संपवला. भाकरी वाढायला मावशी आल्या. मी म्हटलं, “नको.” भाकरी पडली. मी ताटावर हात धरला. भाकरी हातावर पडली.

“मावशी, खरंच नको म्हणून राहिली मी.”

“पाव्हण्याचं नको म्हंजी लाज आसती,” मावशी म्हणाल्या. “आन् ह्ये ‘म्हणून राहिली’ काय ओ? म्हणून झालं का म्हणायचं राहिलं?”

नाही म्हटलं की थांबा, असं माझ्या पेटीत जाड ठशात छापलेलं कार्ड आहे. पेटी आतल्या खोलीत होती आणि मावशी माझ्या डोक्यावर उभ्या होत्या.

जेवण झाल्यावर मावशी बेदाणे निवडत बसल्या आणि मी त्यांना आमच्या नागपूरच्या उन्हाळ्याच्या गोष्टी सांगू लागले. मला श्रोता मिळाला की माझं भान सुटतं. कूलरची गोष्ट सांगितली, मावशी म्हणाल्या, “व्हय.” रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं म्हटलं, “व्हय?” आमच्या शेजारणीने गच्चीत पापड तळल्यासारखे वाळवले म्हटलं, “व्हय व्हय.” बेदाण्यांच्या हिरव्या ढिगामागे त्यांचा चेहरा फार सुरेख दिसत होता. मी बोलता बोलताच विचारलं, “मावशी, तुमचा एक फोटो काढू का?”

“व्हय,” मावशी म्हणाल्या.

मी काढला. मावशी ताडकन उठल्या. “आगं बया! फोटू कशाला काडला? डोस्क्यावर पदर न्हाई, केसांत काड्या आडकल्यात!”

“तुम्हीच हो म्हणालात ना?”

“मी? मी कवा म्हणलं?”

“आत्ता. व्हय म्हणालात.”

“आवं ते व्हय! ते तुमचं ऐकतीया म्हणून. मधी व्हय व्हय न्हाई केलं तर बोलणाऱ्याला भिताडाशी बोलल्यावानी वाटतंय न्हवं?”

देशभर संमतीवर व्याख्यानं देत फिरणाऱ्या बाईने एका मावशीचा तिच्या मर्जीविरुद्ध फोटो काढला होता. मी तो मावशींच्या देखत पुसला. पुसताना हात थांबला, तो फोटोसाठी नाही. ‘उत्तम’ या शेऱ्यासाठी.

मी वैशालीला हाक मारली आणि ती रेकॉर्डिंगं परत लावायला सांगितली. आता कान वेगळे झाले होते. एकाचं ‘व्हय’ म्हणजे होकार. एकीचं ‘व्हय?’ म्हणजे ‘असं का?’. एका म्हातारबुवांचं ‘व्हय व्हय’ म्हणजे ‘सांग, तुझं चालू दे’. आणि बिरू आप्पांचं लांबलचक ‘व्हऽऽय’ म्हणजे आमच्याकडच्या ‘हो का बाप्पा’सारखं, सरळ सरळ थट्टा.

“वैशाली, तू इथलीच आहेस,” मी म्हटलं. “तुला हे ऐकू येत नव्हतं?”

तिने रेकॉर्डिंग थांबवलं. मग म्हणाली, “येत होतं, मॅडम. पण तुमच्या कार्डावर दोनच चौकटी होत्या. हो आणि नाही. ‘ऐकतोय’ची चौकट कुठं होती?”

निकम सरांच्या फाटक्या बुटांना मी किती जोरात हसले होते ते मला आठवलं, आणि लाज वाटली.

खरं सांगते, गप्प बसायचा मोह झाला. समितीतलं कुणी ही संमतीची रेकॉर्डिंगं ऐकायला बसणार नव्हतं, आणि मुलगी गुणी होती. पण ती मुलगी माझ्याआधीच उठली. “परत विचारून येऊ,” ती म्हणाली. चपला घालताना म्हणाली, “आप्पा नाही म्हणाले तर हाक जाईल.”

कवठे महांकाळच्या पुढे

पूर्वेकडे निघालं की ऊस मागे पडतो, मग द्राक्षंही विरळ होतात, आणि माळ सुरू होतो. मला हा माळ आवडला. आमच्याकडे झाडंच झाडं, इथे नजर टाकली की ती थेट क्षितिजापर्यंत जाऊन परत येते.

ज्यांचं ‘व्हय’ संशयात होतं त्यांच्या दारी आम्ही पुन्हा गेलो. आता वैशाली ‘वापरू का’ एवढंच विचारून थांबत नव्हती. आवाजाचं काय करणार, कोण ऐकणार, हे सगळं सांगायची आणि मग म्हणायची, “आता तुमी मला सांगा, मी काय करणार हाय.” बहुतेकांनी सांगितलं आणि खुशीने होकार दिला. एका आजींनी सुनेबद्दलचं तेवढं काढून टाकायला लावलं. एका काकांना आवाज घेतला की घसा बसतो का, एवढीच शंका होती. दोघांनी चक्क नाही म्हटलं, आणि वैशालीने चक्क पुसलं. प्रत्येक घरी चहा झाला. तिथे माझं ‘नको’ कुणी धरलं नाही.

बिरू आप्पा माळावर होते. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, मिशा अशा की आधी मिशा येतात आणि मागून आप्पा. मेंढरं लांब, कापणी झालेल्या रानात चरत होती. माडग्याळची मेंढरं ती, पोपटासारख्या बाकदार नाकाची आणि माणसाकडे जरा तुच्छतेनेच बघणारी.

“आप्पा,” वैशाली म्हणाली, “तवा तुमी व्हय म्हणला होता. कशाला म्हणला होता?”

“तू लय येळ बोलत हुतीस,” आप्पा म्हणाले. “मधी कायतरी म्हणाय पायजे म्हणून म्हणलं.”

मी कपाळाला हात लावला. वैशालीने त्यांना सगळं नीट सांगितलं. आप्पांना काही पटेना. त्यांचा आवाज एवढ्याशा डबीत राहतो आणि तो दुसऱ्याला वापरता येतो, हेच त्यांना थापेबाजी वाटत होतं. “दाव बरं,” ते म्हणाले.

वैशालीने छोटा स्पीकर काढला, बांधावर ठेवला आणि नेमकी हाक लावली. जीभ टाळूला लावून काढलेली खडखडीत सुरुवात, मग चढत जाणारा सूर, शेवटी आखूड शीळ. माळभर घुमली.

लांबच्या रानात सगळी मुंडकी एकदम वर झाली. आणि कळप निघाला. आमच्याकडे. आधी दुडक्या चालीने, मग पळत. आप्पा बाजूला उभे होते. त्यांच्याकडे एकानेही पाहिलं नाही. सगळी बांधावरच्या त्या डबीला भिडली. मी मध्ये होते. मी खाली बसले, म्हणजे बसवली गेले. काखेतली पेटी उघडली, कार्डं उधळली. एका एडक्याने ‘संभाव्य अनभिप्रेत परिणाम’ उचललं, अर्धं चावलं आणि थुंकून दिलं. आमच्या समितीच्या मराठीवर इतकं स्पष्ट मत आजवर कुणी दिलेलं नाही.

वैशाली हसत होती, मी हसत होते. आप्पा हसत नव्हते.

ते डबीजवळ गेले. एका मेंढीच्या मानेवर हात ठेवून तिला वळवू लागले. ती वळेना. “आगं, मी हितं हाय,” ते तिला म्हणाले. मग वैशालीकडे वळले, आणि मघाचा थट्टेखोर आवाज गेला होता.

“पोरी, ही हाक माज्या बापानं ह्येंच्या आज्या-पणज्यांना लावली. ह्यो डबा कुणाच्या हाती गेला, त्यानं रानात बसून वाजवला, तर माजी मेंढरं त्याच्या मागं जातील. जातील का न्हाई? तूच सांग.”

वैशालीने डबी बंद केली. सांगायचं होतं ते मेंढरांनी सांगितलं होतं.

“न्हाई,” आप्पा म्हणाले. “हाक न्हाई द्याची.”

हे ‘नाही’ साऱ्या प्रवासात मी ऐकलेलं पहिलं असं ‘नाही’ होतं ज्याला कुणी लाज म्हणालं नसतं. वैशालीने रेकॉर्डर हातात घेतला. ती हाक तिच्या सगळ्या कामाचा जीव होती. मला फार वाईट वाटलं. तिने पुसली. कॉलेजातल्या प्रती तासगावात पोचताच पुसते म्हणाली, आणि पुसल्या.

आप्पांनी मेंढरं वळवली. पाच पावलं गेल्यावर थांबून ओरडले, “शिव्या ऱ्हाऊ द्या! त्या काय माज्या एकट्याच्या न्हाईत!”

आणि त्या परवानगीचं नीट रेकॉर्डिंग करून घ्यायला परत आले.

पुन्हा सातारा

निकाल आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. अनुदान मिळालं, पण मागितलं होतं त्याच्या निम्मं. आणि आता कार्डावर तिसरी चौकट आली आहे. तिला आम्ही समिती न बसवता नाव दिलं: ‘नुसतं ऐकून घेतलं’.

बैठकीत वैशालीने यंत्राला आप्पांचं बोलणं ऐकवलं. दावं तोडून पळालेल्या एडक्याच्या सात पिढ्यांचा आप्पांनी घेतलेला समाचार, आणि तो यंत्राने पडद्यावर ठळक देवनागरीत लिहून काढला. बरोबर लिहिलंय का, हे वाचून सांगायला कुणी धजेना. शेवटी निकम सर उभे राहिले. “अक्षरन्‌ अक्षर बरोबर आहे, सर,” ते म्हणाले. “ऱ्हस्व-दीर्घासकट.”

अध्यक्षांनी चष्मा पुसला. अतिशय सौम्य माणूस. “पण हे... हे वापरायला त्या गृहस्थांची परवानगी आहे?”

वैशालीने दुसरं रेकॉर्डिंग लावलं. माळावरचा वारा, आणि आप्पा: “व्हय. जेवून बसलोय, शुद्धीत हाय, कुणी जबरदस्ती केल्याली न्हाई. शिव्या घ्या. कुणाच्या म्हणून इचारलं तर माजं नाव सांगा. हाक न्हाई.”

सगळे खो खो हसले. अध्यक्षही हसले. मग त्यांना आठवलं. “हाक म्हणजे मागच्या वेळी ऐकवलीत ती? अहो, तीच तर ऐकायला बसलोय आम्ही. लावा ना ती.”

वैशाली सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, “ती आप्पांकडे आहे, सर.”